‘जेवलीस का?’ असं विचारू नका

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: पुण्यातल्या एका महाविद्यालयात तुम्ही नुकतेच शिकवायला लागला आहात. सोमवारी सकाळच्या तासाला वर्गातली काही मुलं हमखास पेंगतात. गेल्या महिन्यात प्रॅक्टिकल चालू असताना दुसऱ्या वर्षाची एक मुलगी चक्कर येऊन पडली. स्टाफरूममध्ये ‘रात्रभर मोबाइल बघतात’, ‘मुलींना डाएटचं वेड लागलंय’ यापलीकडे कोणी काही बोललं नाही. तुम्हाला मात्र ती उपाशी असावी असं वाटलं. म्हणून तुम्ही विचारलंत: एवढ्या मोठ्या शहरात पदवीला शिकणारी मुलं खरंच उपाशी राहतात का? ती कुठल्या घरांतली असतात? आणि एकट्या शिक्षकाच्या हातात काय आहे?

मी 24 वर्षं शिकवलं. त्यातली 11 वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि विद्यार्थी विकास अधिकारी म्हणूनही काम पाहिलं. त्या अनुभवावर सांगते: हो, राहतात. तुमच्या पत्रातल्या ‘सोमवारी सकाळी’ या शब्दांपाशीच मी थांबले.

पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. दुपारी फीस्ट, म्हणजे एखादा गोड पदार्थ, पुलाव, जरा बरी भाजी. रात्रीची सोय ज्याची त्याने करायची. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो डोसा नाहीतर पावभाजी खातो. ज्याच्याकडे नाहीत तो दुपारीच पोट फुटेस्तोवर जेवतो आणि रात्री पाणी पिऊन झोपतो. सोमवारी सकाळी सातला उठून, आंघोळ करून, कधी चालत कधी बसने तो कॉलेजात येतो, तेव्हा शेवटच्या घासाला अठरा-एकोणीस तास उलटलेले असतात. मला हे कळायला चार वर्षं लागली. वसतिगृहात आजारी पडणाऱ्या मुलींची वही मी ठेवत असे. एकदा सहज वार बघितले, तर सोमवारच्या नोंदी बाकीच्या वारांपेक्षा ठळकपणे जास्त निघाल्या. तोवर मीसुद्धा ‘रविवारी जागरण केलं असेल’ असंच म्हणत होते.

उपासमार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हाडांचा सापळा येतो. कॉलेजातली भूक तशी दिसत नाही. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, चेहऱ्यावर हसू, आणि पोटात दुपारच्या चार पोळ्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने भूक मोजायला आठ प्रश्नांची एक पद्धत ठरवली आहे. तिची उतरंड मला फार उपयोगी वाटते. गेल्या वर्षभरात पैशाअभावी कधी अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का? सकस खाता आलं नाही का? त्याच त्या दोन-तीन गोष्टींवर भागवावं लागलं का? एखादं जेवण टाळावं लागलं का? हवं त्यापेक्षा कमी खाल्लं का? जवळचं अन्न संपलं का? भूक असून खाल्लं नाही, असं झालं का? आणि शेवटी, पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, असं घडलं का? अन्नाची असुरक्षितता पहिल्या प्रश्नापासून सुरू होते, आठव्यापासून नव्हे. आपल्याला ऐकू येते ती फक्त आठवी पायरी, तीही मूल जमिनीवर पडल्यावर.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात 2020च्या सरकारी विद्यार्थी-पाहणीत सुमारे 23 टक्के, म्हणजे जवळपास 38 लाख विद्यार्थी अशा असुरक्षिततेत आढळले. सरकारी अन्नसाहाय्याला जे पात्र असावेत असं दिसलं, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ते मिळत असल्याचं सांगितलं नाही. हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. मदत असणं आणि मदत पोचणं यांत किती अंतर असतं ते त्यातून कळतं. आपल्याकडेही गोष्ट तीच आहे, फक्त तिची कारणं इथल्या मातीतली आहेत.

आता मेसचा हिशोब समजून घ्या, कारण भूक त्या वहीत लिहिलेली असते. दोन वेळच्या मेसचे महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे. आज पुण्यात साध्या मेसला साधारण तीन ते चार हजार पडतात. त्यावर कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं, डिपॉझिट, बसचा पास, झेरॉक्स. पैसे कमी पडायला लागले की मुलं भाडं थकवत नाहीत, कारण मालक सामान बाहेर काढतो. फी तर भरावीच लागते, नाहीतर हॉल तिकीट मिळत नाही. कापता येण्यासारखी एकच गोष्ट उरते ती पोट. पहिल्यांदा दोन वेळची मेस एक वेळची होते. मग दोघांत एक डबा. डबेवाल्या काकूंना कळतं, त्या दोन पोळ्या जास्त घालतात. असं करणाऱ्या अनेक काकू मी पाहिल्या आहेत. मग येतो खाडा. सलग काही दिवस गावी गेलं तर मेसवाले तेवढे दिवस वजा करतात, त्याला खाडा धरणं म्हणतात. ‘गावी चाललोय’ असं सांगून खाडा लावायचा आणि खोलीतच राहायचं, हे मी कितीतरी मुलांच्या तोंडून नंतर, पास होऊन गेल्यावर, ऐकलं आहे. चार दिवस चहा, बिस्किटं, खोलीमित्राच्या गावाहून आलेली शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. वाचलेल्या पैशात कुणी पुस्तक घेतं, कुणी परीक्षेचा फॉर्म भरतं.

बिस्किटांनी पोट भरल्यासारखं वाटतं, हीच अडचण आहे. 100 ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साधारण 450 उष्मांक असतात, प्रथिनं मात्र जेमतेम सात ग्रॅमच्या आसपास. बैठं काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दिवसाला 2110 आणि स्त्रीला 1660 उष्मांक लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोजमाप सांगतं. प्रथिनं अनुक्रमे 54 आणि 46 ग्रॅमच्या जवळपास. वडापाव, चहा, बिस्किटं आणि रात्री मॅगी यावर उष्मांकांची बेरीज कशीबशी जुळतेही. म्हणून मूल वाळत नाही, कधीकधी तर फुगतं. पण लोह, बी-12, प्रथिनं यांचा खड्डा पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तुमच्या प्रयोगशाळेत उभ्याने दोन तास काम करणारी मुलगी त्यांच्यातलीच असू शकते. तिला आधी हिमोग्लोबिन तपासायला पाठवा, ते तर कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं.

ही मुलं कुठल्या घरांतली, हा तुमचा दुसरा प्रश्न. ‘गरीब घरांतली’ हे उत्तर खरं असलं तरी त्याने काही कळत नाही. मी असं म्हणेन: ज्या घरात पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो आणि ज्याच्या पोराला तो दर महिन्याच्या एक तारखेला लागतो, त्या घरांतली.

मराठवाड्यातलं, विदर्भातलं कोरडवाहू घर घ्या. सोयाबीन दिवाळीच्या आसपास घरात येतं, कापसाची वेचणी हिवाळ्यात चालते, तूर जानेवारीत. आपलं शैक्षणिक वर्ष सुरू होतं जून-जुलैत, नेमकं पेरणीच्या वेळी. बियाणं, खत आणि पोराची फी एकाच पंधरवड्यात. बाप कुठून तरी उभे करून पाच-पंचवीस हजार देतो. प्रवेश, डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याची मेस यांत ते संपतात. ऑगस्ट निघतो. सप्टेंबर कठीण जातो. गणपतीत पुण्याचे रस्ते गर्दीने वाहत असतात तेव्हा ही मुलं मंडळांच्या महाप्रसादाच्या वेळा पाठ करत असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कोकणातल्या मच्छीमार घरांचं गणित वेगळं, पण तितकंच आडवं येणारं: जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि प्रवेशही तेव्हाच असतात. बीड, नगरकडच्या ऊसतोड घरात दसऱ्याच्या सुमारास उचल, म्हणजे आगाऊ मजुरी मिळते आणि आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. पोरीने फोन केला तर आई फडात असते. मुलगी ‘सगळं बरंय’ म्हणून फोन ठेवते. तिला माहीत असतं की उचल कशात गेली आहे.

2018च्या ऑक्टोबरअखेर राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या वर्षी पुण्यात काही स्वयंसेवी गटांनी दुष्काळी भागातल्या मुलांचे डबे सुरू केले. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की रांगेत ‘हुशार, नीटनेटका, कधी तक्रार न करणारा’ अशी आपण ज्यांची नोंद करतो तीच मुलं उभी आहेत. पाऊस चांगला झाल्यावर ते डबे बंद झाले. सप्टेंबर मात्र दरवर्षी येतो.

जात आणि सरकारी योजना यांचा भाग जरा नीट सांगावा लागेल, कारण इथे स्टाफरूममध्ये सर्वांत जास्त गैरसमज असतात. ‘त्यांना तर सगळं फुकट मिळतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. सरकारी वसतिगृहात ज्याला प्रवेश मिळाला, त्याच्या जेवणाची किमान हमी असते. पण जागा अर्जांपेक्षा फार कमी. ज्यांना जागा मिळाली नाही त्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत तिचे वर्षाला 60 हजार ठरले, त्यातले 32 हजार भोजनासाठी. आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी अलीकडे आधार योजना आली. योजना चांगल्या आहेत. या योजनांमुळे शिक्षण पुरं करू शकलेली मुलं मी ओळखते. पण हे पैसे अर्ज, छाननी आणि हजेरीचा दाखला झाल्यावर हप्त्यांनी येतात. मेसवाला आगाऊ मागतो. हे मधले महिने काढायला घरात काहीतरी शिल्लक असावी लागते, आणि शिल्लक नाही म्हणूनच तर अर्ज केलेला असतो.

आदिवासी वसतिगृहांच्या बाबतीत तर हा वाद रस्त्यावर आला. 2018 मध्ये शासनाने मोठ्या शहरांतल्या वसतिगृहांतली भोजनगृहं बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं. त्या जुलैत मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. तेव्हा माझे काही सहकारी म्हणाले, ‘पैसे हातात मिळतायत, मग तक्रार कसली?’ तक्रार अशी होती, की महिन्याला तीन-साडेतीन हजार खात्यात आले आणि त्याच आठवड्यात घरी बाप आजारी असला, तर एकोणीस वर्षांचं पोर ते पैसे स्वतःच्या ताटासाठी ठेवणार नाही. घरी पाठवणार. पैसा घरच्या अडचणीत वाटला जातो, समोर वाढलेलं ताट वाटलं जात नाही. हा फरक त्या मुलांना कळत होता, धोरण आखणाऱ्यांना कळला नाही. माझं मत आजही तेच आहे: या वयाला, या घरांतल्या मुलांना आधी शिजवलेलं अन्न द्यावं, पैसे नंतर.

आणि मग ती मुलं, जी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. खुल्या प्रवर्गातलं अल्पभूधारक घर, जात प्रमाणपत्र मिळालं पण पडताळणी अडकलेली भटक्या जमातीतली मुलगी, वडील वारल्यावर उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावाने काढायचा हेच न कळलेला मुलगा. घरातली पहिलीच पिढी शिकत असेल तर कोणत्या महिन्यात कोणता कागद लागतो हे सांगणारं घरात कोणी नसतं. शिकलेल्या घरातलं गरीब मूल आणि न शिकलेल्या घरातलं गरीब मूल यांच्यात मला सर्वांत मोठा फरक इथे दिसला. पहिल्याला मामा-काका असतो, जो फोन करून सांगतो, ‘अरे, ती तारीख चुकवू नकोस.’

रेशनचं धान्य? अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो मिळतं. मुलाच्या नावाचंही मिळतं, फक्त ते गावात. एक देश एक रेशनकार्ड आल्यापासून तो त्याच्या वाट्याचं धान्य पुण्यातही घेऊ शकतो, हे आपल्या मुलांना माहीतच नसतं. तुम्ही जरूर सांगा. पण कॉटवर राहणाऱ्या मुलाने तांदूळ घेऊन काय करायचं? खोलीत शेगडी चालत नाही, मालकाला इंडक्शन दिसलं तर तो वायर काढून नेतो. शाळेतली खिचडी आठवीनंतर थांबते. आश्रमशाळेतलं जेवण बारावीनंतर थांबतं. म्हणजे ज्या मुलाला पहिलीपासून कुणीतरी एक ताट वाढत होतं, त्याचं ताट नेमकं तो घरापासून लांब गेल्यावर काढून घेतलं जातं.

शिवभोजन थाळीनेही काही मुलं तरली. 26 जानेवारी 2020 ला ती दहा रुपयांत सुरू झाली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात, एक वाटी वरण. वाढत्या वयाच्या मुलाला ती पुरत नाही, पण पोटाला आधार होतो. आमच्याकडे अडचण वेळेची आली. थाळी दुपारी मिळायची आणि आमची प्रॅक्टिकल्स तेव्हाच असायची. एका विभागप्रमुखांनी बॅचची वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकवली, तेवढ्यावर काही मुलांच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न सुटला. पैसा लागला नाही, परवानगी लागली नाही. वेळापत्रक बनवताना जवळच्या स्वस्त खानावळीची वेळ बघायची असते, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं. त्यांची भूक उपवासाच्या आड लपते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. ‘आज उपवास आहे मॅडम’ म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, उलट कौतुक होतं. आमच्या वसतिगृहात एक मुलगी आठवड्यातून तीन दिवस उपवास करायची आणि एकाही दिवशी तिने साबुदाणा खाल्लेला मी पाहिला नाही. घरून मुलाला पाठवतात तेवढे पैसे मुलीला पाठवतातच असं नाही. आणि तिलाच मागायला जड जातं, कारण तिच्या शिक्षणाला घरातून मान्यता मिळाली आहे ती ‘खर्च वाढला तर परत आणू’ या अटीवर. जास्त पैसे मागितले तर पुढच्या सुट्टीत लग्नाचा विषय निघेल, ही भीती तिच्या पोटातल्या भुकेपेक्षा मोठी असते. मुलगा टपरीवर उधारी ठेवू शकतो, मित्राच्या गाडीवर बसून लग्नाच्या पंगतीत जाऊन जेवून येतो. मुलीला रात्री आठच्या आत गेटच्या आत यावं लागतं.

आणखी एक गट कुणीच मोजत नाही. शहरातच, घरी राहणारी मुलं. आई चार घरची धुणीभांडी करते, पहाटेच निघते. मूल साडेसहाला चहा पिऊन निघतं, कॉलेज झाल्यावर डिलिव्हरीला किंवा दुकानात जातं, रात्री दहाला घरी जेवतं. ‘हा तर लोकल आहे, याला काय अडचण?’ असं मीही म्हटलं होतं. त्याचं दिवसातलं एकमेव जेवण रात्री दहाचं होतं.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही, म्हणूनच आपण त्याला इतके सरावलो आहोत. जुन्या पुण्यात गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. कुणी माधुकरी मागत. अशाच मुलांसाठी 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं. पण वाराचं आणि माधुकरीचं दार ठरावीक जातीच्या मुलालाच उघडत होतं. बाकीच्यांना कुणी वार देणार नव्हतं. म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करायला मदत केली, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह सुरू केलं. त्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ज्यांनी शिक्षण खाली पोचवलं त्यांनी शाळेबरोबर चूल पेटवली होती. आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत तालुक्या-तालुक्याला कॉलेजं काढली, तुकड्या वाढवल्या, आणि चूल तेवढी विसरलो. तालुक्याच्या गावी निदान सकाळच्या एसटीने आईचा डबा येतो. स्टँडवर नावाच्या चिठ्ठ्या लावलेले डबे ओळीने ठेवलेले मी पाहिले आहेत. पुण्याला एसटीने डबा येत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते. माझी पहिली चूक आधी सांगते, म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल. मी नोटीस लावली: ‘गरजू विद्यार्थ्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज करावा, मोफत भोजनाची सोय केली जाईल.’ बोटावर मोजण्याइतके अर्ज आले आणि ज्यांची मला खात्री होती त्यांच्यातलं कोणीच आलं नाही. एका मुलीने नंतर मला सांगितलं, ‘मॅडम, त्या बोर्डापाशी उभं राहिलं तरी सगळे बघतात.’ शिवाय पहिल्या वाटपाला कुणीतरी फोटो काढले आणि ते भिंतीवर लागले. त्या फोटोतला एक मुलगा पुन्हा कधी आला नाही. त्याची माफी मागायची माझी राहून गेली आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. जवळच्या दोन मेसवाल्यांशी बोललो. नेहमीच्या गिऱ्हाइकांना जी कूपनं मिळतात तीच कूपनं आम्ही पैसे भरून घेतली, त्यावर वेगळा शिक्का नाही, वेगळा रंग नाही, वेगळी रांग नाही. पैसे आम्ही काही शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी दर महिन्याला थोडे थोडे घातले. कूपन द्यायचा अधिकार तीन शिक्षकांकडे, आणि दाखला कोणी मागायचा नाही. ‘मग गैरफायदा घेतील’ असा आक्षेप लगेच आला. सात-आठ वर्षांत एखाद-दुसऱ्याने घेतला असेल. जेवणच घेतलं ना! दाखला मागून जितकी भुकेली मुलं परत गेली असती त्यापुढे हे काहीच नाही.

‘फुकट’ हा शब्द वापरू नका. ‘स्वाधारचा हप्ता येईपर्यंत धर, नंतर जमेल तसं दे’ म्हटलं की मूल मान वर करून घेतं. बरीच जणं परत देतात, काहीजण नोकरी लागल्यावर देतात. कमवा आणि शिका योजनेत काम देत असाल तर मोबदला महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळेल यासाठी लेखा विभागाच्या मागे लागा. तीन महिन्यांचा एकदम मिळालेला मोबदला त्या तीन महिन्यांतली जेवणं परत आणत नाही. विभागातल्या एका कपाटात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, खजूर ठेवा आणि कपाटाला कुलूप घालू नका. रविवारी संध्याकाळसाठी काही करता आलं तर सगळ्यात आधी तेच करा. आम्ही शनिवारी केळी आणि उकडलेल्या अंड्यांची सोय केली होती, कूपनवरच. जूनमध्ये, प्रवेशाच्या रांगेतच, एक टेबल टाका आणि वरच्या वर्गातली दोन मुलं तिथे बसवा: कोणती योजना, कोणता कागद, कोणती तारीख. हे काम शिक्षकापेक्षा तीच मुलं चांगलं करतात, कारण ती नुकतीच त्यातून गेलेली असतात.

वर्गात किती मुलं अडचणीत आहेत हे बघायचं असेल तर ते आठ प्रश्न मराठीत छापा, नाव न लिहिता भरून एका खोक्यात टाकायला सांगा. सप्टेंबरात एकदा आणि जानेवारीत एकदा. ते आकडे घेऊन प्राचार्यांकडे जा. प्राचार्यांना कळवळा नसतो असं नाही, त्यांच्यापुढे कागद नसतो.

शेवटी ती मुलगी. तिला ‘जेवलीस का?’ असं विचारू नका. मराठी घरात वाढलेलं कोणतंही मूल या प्रश्नाला ‘हो’च म्हणतं, तसंच शिकवलेलं असतं. वर्गात नको, जिन्यातही नको. प्रॅक्टिकलची जर्नल तपासायच्या निमित्ताने बोलवा, दार उघडं असू द्या, एखादी सहकारी बाई शेजारी बसलेली असेल तर उत्तम. आणि विचारा, ‘रविवारी रात्री काय खाल्लंस?’ ठरावीक दिवस आणि ठरावीक वेळ असली की खोटं बोलणं कठीण जातं. ती थोडा वेळ गप्प बसेल. तेवढा वेळ जर्नलची पानं उलटत राहा, घड्याळ बघू नका. कूपन आधीच त्या जर्नलमध्ये घालून ठेवा, कारण ‘बघतो, काहीतरी करू’ हे तिने आजवर पुष्कळांकडून ऐकलेलं असतं.